आलेखातले आठ दिवस

आईचं तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी क्रांती चौकातल्या ऑफिसात गेले. पाणीटंचाई आधीच ओळखणारी संगणकप्रणाली आम्ही बनवतो. गावोगावच्या विहिरींत पातळी मोजणारे सेन्सर बसवलेत. जगातला कुठलाही दुष्काळ असा टाळता येईल, असं आमच्या माहितीपत्रकात छापलंय. ते वाक्य माझं आहे.

करमाडच्या पुढे माझं गाव. तिथल्या सार्वजनिक विहिरीत सेन्सर बसवायचा आग्रहही माझाच होता. एप्रिलमध्ये पातळी वाढताना दिसली, तेव्हा आईला फोन केला. ती हसली.

"अगं, वाढंल नाय तर काय? टँकर तिच्यातच रिकामा करत्यात की. तुमच्या यंत्राला टँकर दिसत नाय व्हय?"

"साहेबांना विचारते," मी म्हणाले. विचारलं नाही. मेमध्ये प्रणालीने गाव टंचाईमुक्त ठरवलं आणि तहसीलने टँकर बंद केला. चार दिवसांत विहिरीने तळ गाठला. आई दोन किलोमीटरवरच्या मळ्यातून घागरी आणू लागली. सातव्या दिवशी भर दुपारी बांधावर पडली. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. मग गावकरी तहसीलवर गेले. नवव्या दिवशी टँकर आला.

शेजारच्या टेबलावरच्या इंद्रजीतला यातलं, आई गेली एवढंच ठाऊक होतं. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"तुझ्या गावाचं काम तुझ्यासाठी थांबवलं होतं. आलेख मस्त वर चाललाय, फक्त मेमध्ये हा खड्डा. आठ दिवस. सेन्सर गंडला असणार. गाव तुझं आहे, तू चूक म्हणून नोंदव. मग हीच प्रणाली चाळीस गावांना लागू करू."

"सेन्सर ठीक होता."

"मग पाणी कुठं गेलं?"

"टँकर आला नव्हता."

त्याने आलेख एप्रिलपर्यंत मागे नेला. "म्हणजे बाकीचं सगळं..."

"टँकरचं पाणी."

"यार, उद्या दिल्लीची माणसं प्रणाली बघायला येतायत."

शेऱ्याच्या चौकटीत मी लिहिलं: हे आठ दिवस बरोबर आहेत. बाकीचे काढावेत.

मग चाळीस गावांची यादी काढून पहिल्या गावाचे सरपंच, कडुबा, यांना फोन लावला. टँकर कुठे रिकामा करता, विचारलं.

"हिरीत. आनखी कुठं?" त्यांचा आवाज उतरला. "का वं ताई? बंद करता का काय?"

नाही, असं म्हणायचा अधिकार मला नव्हता.