शेवटच्या ओळीतला फोन नंबर

मित्रांनो, मी तुम्हाला हातात धरता यायचा नाही. हातात येतो तो माझ्यावरून छापलेला कागद. मी स्वतः कुंभकोणमच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, काउंटरवरच्या संगणकात राहतो. मला टेम्प्लेट म्हणतात, म्हणजे साचा. इडलीपात्र तुम्ही पाहिले असेल. पीठ रोज नवे असते, वाट्या त्याच असतात. माझेही तसेच आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी जाताना एक सूचनापत्रक मिळते. त्यातले नाव, वय, रुग्णाचा फोन नंबर, कुठला डोळा आणि कुठले थेंब हे दर वेळी बदलते. बाकीचा मजकूर सगळ्यांना सारखाच असतो.

मला दिव्यश्रीने घडवले. डोळे तपासण्याचे शिक्षण पुरे करून ती नुकतीच दवाखान्यात कामाला लागली होती. तोपर्यंत डॉ. शामसुंदर सगळ्या सूचना तोंडीच सांगत. लोक मान डोलवत आणि फाटकापर्यंत जाईतो निम्म्या विसरत. दिव्यश्रीने ते पाहिले आणि लिहायला बसली. अक्षर किती मोठे हवे हे तिने मनाने ठरवले नाही. तीन आकारांत एकच ओळ छापली आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना एक डोळा झाकून वाचायला लावली. जो आकार सगळ्यांना वाचता आला तो माझ्या वाट्याला आला. मी तमिळमध्ये छापला जातो, पण माझ्याविषयीचे बोलणे मात्र मराठीत चालते. डॉक्टर, दिव्यश्री आणि काउंटरवरचे साईराम हे तिघेही घरी तंजावरकडची जुन्या वळणाची मराठी बोलणारे आहेत.

माझ्या शेवटच्या ओळीत, ठळक अक्षरांत, हे लिहिले होते: डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसणे कमी झाले तर थांबू नका, लगेच फोन करा. पुढे दवाखान्याचा नंबर होता. बाकी सगळे विसरले तरी चालेल, पण ही ओळ विसरू नका, असे दिव्यश्री प्रत्येकाला सांगे.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. लोक माझा कागद देवघराशेजारी लावत. दुसऱ्या एका दवाखान्यातून माझी प्रत मागायला माणूस आला होता. पण मग, कसे कोण जाणे, मला कोणी उघडेनासे झाले.

त्याचे कारण साधे होते. साईरामच्या पुढे दोन फोन आणि माणसांची रांग असे. मला उघडून सगळ्या जागा नव्याने भरण्यापेक्षा कालच्या रुग्णाची फाइल उघडायची, नाव खोडायचे, नवे नाव घालायचे आणि छापायचे, हे त्यांना सोपे वाटे. असे बहुतेक कचेऱ्यांत करतात. माझ्या प्रतीची प्रत निघे, तिची पुन्हा प्रत निघे. कधी एखादी ओळ खाली सरके. शेवटच्या ओळीतली ठळक अक्षरे एक दिवस साधी झाली आणि मग साधीच राहिली. मी एका फोल्डरमध्ये जसाच्या तसा होतो, पण तिथे कोणी येत नव्हते.

अशाच दिवसांत तिरुभुवनमचे वासुदेवराव शस्त्रक्रियेला आले. रेशमी साड्यांच्या काठांची नक्षी आलेखाच्या कागदावर काढण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. चौकटीचौकटीने मोर आणि हंस काढायचे, मग विणकर त्यावरून विणणार. त्यांचा डावा डोळा आधी करायचा, उजवा नंतर, असे ठरले. शस्त्रक्रिया चांगली झाली. पट्टी निघाल्यावर त्यांनी डॉक्टरांचा कोट पाहिला आणि म्हणाले, “पांढरा रंग इतका पांढरा असतो, हें मी विसरलोंच होतों.”

साईराम त्यांचा कागद तयार करत होते. कालची फाइल उघडी होती. रुग्णाचा फोन नंबर बदलायचा म्हणून त्यांनी शोधायची सोय वापरली आणि ‘फोन’ हा शब्द टाकला. हा शब्द माझ्यात दोन ठिकाणी येतो, वर रुग्णाचा आणि तळाशी दवाखान्याचा. कर्सर त्या वेळी पानाच्या मध्यावर होता, म्हणून शोध खाली गेला. वासुदेवरावांचा नंबर तळाच्या जागी टाइप झाला आणि दवाखान्याचा नंबर पुसला गेला. कागद छापून, घडी घालून त्यांच्या हाती गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वासुदेवरावांचा डोळा दुखू लागला. पुढे घरात जे झाले ते मला त्यांच्या पत्नी अंबुजाबाईंमुळे कळले. त्यांनी ते काउंटरसमोर उभे राहून सांगितले, आणि इतक्या खणखणीत आवाजात की बाहेरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकले असेल.

वासुदेवराव झोपाळ्यावर बसून आपल्या मोबाइलवरून कागदावरचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. स्वतःचा नंबर ना त्यांना पाठ होता, ना अंबुजाबाईंना.

“लागतो कीं नाहीं?” अंबुजाबाईंनी विचारले.

“कोणाशीं तरी बोलतोच आहे सकाळपासोन. डॉक्टर भारी मोठा जाहला आहे.”

“तुमचा डोळा कुंकवासारखा लाल जाहला, आणि तुम्ही डॉक्टराचें कौतुक करीत बसा. आणा इकडे तो कागद.”

कोपऱ्यात घरचा जुना फोन होता. त्यावरून त्यांनी तोच नंबर लावला. इकडे वासुदेवरावांच्या खिशातला फोन वाजू लागला. दुखऱ्या डोळ्याला त्यावरचे नाव दिसेना.

“हलो,” ते म्हणाले.

“हलो, डोळ्यांचा दवाखाना ना?” अंबुजाबाईंनी भिंतीकडे तोंड करून तमिळमध्ये विचारले.

“नाहीं हो. मीच डॉक्टराला शोधतों आहें.” आणि फोनवर हात ठेवून ते बायकोला म्हणाले, “कोणी बाई आहे, पावम्. तीही तोच दवाखाना शोधते बिचारी.”

अंबुजाबाई हळूच मागे वळल्या.

“ती बाई मी आहें,” त्या म्हणाल्या. “उठा. सदरा घाला.”

मित्रांनो, तुम्हाला हसू आले असेल. दवाखान्यात ही गोष्ट सांगितली गेली तेव्हाही दोघेतिघे हसले. पण आतल्या खोलीत डॉ. शामसुंदर दिव्याखाली वासुदेवरावांचा डोळा तपासत होते आणि ते हसत नव्हते. डोळ्याच्या आत जंतूंचा संसर्ग सुरू झाला होता. असा संसर्ग फार वेगाने वाढतो. काही तासांच्या उशिराने दृष्टी कायमची जाऊ शकते. त्यांनी तिथल्या तिथे डोळ्यात औषधाचे इंजेक्शन दिले.

“उद्यां आलां असतां तर मी कांहींच सांगूं शकलों नसतों,” ते म्हणाले. “आतां आशा आहे.”

बाहेर अंबुजाबाईंनी कागद काउंटरवर पसरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

“साईराम, हा नंबर कोणाचा?”

“दवाखान्याचा, मामी.”

“लाव पाहूं.”

साईरामनी लावला. अंबुजाबाईंच्या पिशवीत ठेवलेला नवऱ्याचा फोन वाजू लागला. त्यांनी तो उचलला नाही, नुसता वाजू दिला. साईरामच्या हातातला रिसीव्हर तसाच राहिला. शेवटी त्यांनी तो खाली ठेवला आणि खुर्चीत बसले.

एवढ्यात पिशवीतला तोच फोन पुन्हा वाजला. या वेळी आडुतुरैहून कोणी मुलगी बोलत होती. तिच्या आईची शस्त्रक्रिया काल झाली होती, आणि आईने डोक्यावरून अंघोळ केली तर चालेल का, असे ती विचारत होती. अंबुजाबाईंनी चष्मा नाकावर घेतला, समोरचा कागद वर धरला आणि सूचना वाचून दाखवली. “नाहीं म्हणोन लिहिलें आहे. डोळा दुखतो कां तिचा? नाहीं? सरि, बरें, मग थेंब घालीत राहा.” फोन ठेवून त्या साईरामला म्हणाल्या, “तुमच्या दवाखान्याचे फोन आतां मींच घ्यावे कीं काय?”

दिव्यश्री शेजारीच उभी होती. तिच्या लक्षात सगळे आले. चूक एका कागदावर थांबली नव्हती. वासुदेवरावांच्या फाइलवरून पुढची फाइल झाली होती, तिच्यावरून त्याच्या पुढची. त्यांच्यानंतर घरी गेलेल्या प्रत्येकाच्या हाती वासुदेवरावांचा नंबर होता. ज्याचा डोळा दुखेल तो दवाखान्याऐवजी एका आजारी माणसाच्या खिशात फोन करणार होता.

तिने आणि साईरामनी सगळ्यांना फोन केले. एका म्हाताऱ्याचा फोन काही केल्या लागेना, तेव्हा साईराम स्कूटर काढून तिरुनागेश्वरमला गेले आणि नीट केलेला कागद हातात देऊनच परतले.

दुसऱ्या दिवशी दिव्यश्रीने मला फोल्डरमधून बाहेर काढले. कितीतरी दिवसांनी कोणी मला उघडत होते. तिने माझ्यातल्या बदलणाऱ्या जागा एकेक करून आखल्या. नावासाठी चौकट केली, रुग्णाच्या फोन नंबरसाठी केली, तारखेसाठी केली. डोळ्यासाठी उजवा किंवा डावा यांतून निवडायची यादी ठेवली. मग बाकीच्या मजकुराला संरक्षण दिले आणि त्याला पासवर्ड लावला. आता कर्सर चौकटीतून चौकटीतच जाऊ शकत होता. माझ्या सूचनांवर कितीही कळा दाबल्या तरी एक अक्षर हलत नव्हते. शिवाय मला उघडले की दर वेळी कोरी प्रत निघे, मी स्वतः जागेवर राही. जुन्या रुग्णांच्या फाइली तिने वेगळ्या ठेवल्या, त्या फक्त वाचता येत.

साईरामना ते लागले. “म्हणजे आतां माझ्यावर भरवसा नाहीं.”

“अण्णा, मी पहिल्यानें माझ्यावरच करून पाहिलें,” दिव्यश्री म्हणाली. “काल जुनी फाइल उघडून याच कळांनी मी दोनदां चुकीच्या जागीं टाइप केलें. तुमच्यापुढे तर रांग असते. आतां तुम्ही बसा आणि हा साचा बिघडवून दाखवा. बिघडला तर मी नीट करीन.”

साईराम बसले. त्यांनी मला बिघडवायचा खूप प्रयत्न केला. निवडून पुसले, वरून टाइप केले, शोधून बदलून पाहिले. मी हललो नाही. मग त्यांनाच माझा दोष सापडला. डॉक्टर एखाद्या रुग्णासाठी दोन ओळी वेगळ्या लिहीत, जसे की याच्या डोळ्यातला दाब जास्त आहे, अमुक थेंब घालू नका. त्या ओळींसाठी माझ्यात जागाच उरली नव्हती. दिव्यश्रीने सगळेच बंद करून टाकले होते.

“चोर येऊं नये म्हणोन तूं घरच्या धन्यालाही बाहेर ठेविलेंस,” साईराम म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसले.

तिने माझे भाग पाडले आणि डॉक्टरांचा भाग मोकळा केला. पासवर्ड तिने स्वतःजवळ आणि डॉक्टरांजवळ ठेवला. उद्या ती नोकरी सोडून गेली आणि दवाखान्याचा नंबर बदलला, तर मला उघडणारे कोणी तरी हवे. हेही सांगतो की माझे कुलूप फार भक्कम नाही. कोणी मुद्दाम ठरवले तर माझा मजकूर उचलून दुसऱ्या फाइलीत नेऊ शकेल. ते घाईतल्या बोटांसाठी आहे, आणि तेवढ्यापुरते ते चांगले काम करते.

वासुदेवरावांचा डावा डोळा हळूहळू सुधारला. आधी बोटे दिसू लागली, मग भिंतीवरचे कॅलेंडर, मग आलेखाच्या चौकटी. पण उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ते पुढे ढकलत राहिले. उजव्या डोळ्यावर मोतीबिंदू पिकत होता आणि डॉक्टर काळजीत होते. दिव्यश्री फोन करी, ते “पाहूं” म्हणत. त्यांना भीती वाटत होती, आणि ती वाटण्यात काही चूक नव्हती.

एक दिवस दोघे आले. वासुदेवराव सरळ काउंटरशी गेले.

“डोळा मागाहून. आधीं कागद दाखीव.”

“मामा, कागद शस्त्रक्रियेनंतर देतात,” साईराम म्हणाले.

“मला आधींच पाहिजे.”

साईरामनी मला उघडले. नाव भरले, उजवा डोळा निवडला, नंबर वरच्या चौकटीत घातला. कागद छापून त्यांच्या हातात दिला. वासुदेवरावांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि उजवा डोळा झाकून, बऱ्या झालेल्या डाव्या डोळ्याने, पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मध्ये एकदा अंबुजाबाई म्हणाल्या, “परीक्षा आहे कां?” ते वाचतच राहिले. शेवटच्या ओळीशी आल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला आणि एकेक आकडा दाबला.

काउंटरवरचा फोन वाजला. त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या साईरामनी तो उचलला.

“डोळ्यांचा दवाखाना. बोला.”

वासुदेवराव त्यांच्याकडे पाहत फोनमध्ये म्हणाले, “उद्यां सकाळीं येतों. डॉक्टरांना सांग.”

मित्रांनो, तुम्हीही शाळेत, घरी माझ्यासारख्या फाइली वापरता. कालच्या फाइलीवर आजचे काम चढवू नका, मूळ साचा उघडा. त्यात काय बदलायचे आणि काय कधीच बदलायचे नाही, हे आधी ठरवा, आणि जे बदलायचे नाही त्याला कुलूप घाला. किल्ली मात्र एकट्याजवळ ठेवू नका. आणि छापलेला कागद कोणाच्या हाती देण्याआधी एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तो वाचणाऱ्याला कदाचित त्या वेळी नीट दिसत नसेल.