रांगेतलं स्टूल

“किती वेळा करायचं?” सरांनी विचारलं.

“मोजायचं नाही, सर. दुखायला लागलं की थांबायचं.”

“दुखायला लागलं की थांबायचं?” मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “अगं ऋजुता, दुखायला लागतं तिथून तर व्यायाम सुरू होतो.”

“तो शाळेतला. हा वेगळा.”

पलंगावर आडवे पडून सर पायाचे चवडे वर-खाली करत होते. पोटऱ्यांखाली मी उशी घातली होती, टाचा अधांतरी राहतील अशी. पडून राहणाऱ्या माणसाची कातडी आधी माकडहाडाला आणि टाचेला जाते, म्हणून टाच कुठेही टेकू द्यायची नाही. मोजू नका म्हटलं तरी त्यांचे ओठ हलतच होते. एक, दोन, तीन, चार. जित्याची खोड, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण ती म्हण पुढे कशी पूर्ण होते ते आठवलं आणि मी गप्प बसले.

सुधीर खांबेटे म्हणजे डोंबिवलीतल्या आमच्या शाळेचे पीटीचे सर. मुलं त्यांना ‘खांब’ म्हणायची. हे नाव आडनावावरून पडलंय की त्यांच्या उभं राहण्यावरून, हे नव्या मुलांना कळायचं नाही. पांढरी पँट, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. ते मैदानाच्या एका टोकाला येऊन नुसते उभे राहिले की दुसऱ्या टोकाची रांग सरळ व्हायची. आता त्यांचा कर्करोग मणक्यात उतरला होता. हॉस्पिटलने ‘करण्यासारखं काही उरलं नाही’ म्हणून घरी पाठवलं होतं.

आमचं काम नेमकं तिथून सुरू होतं. शेवटच्या आजारातल्या माणसांकडे घरी जाणारं आमचं लहानसं पथक आहे. एक डॉक्टर, दोन नर्स आणि मी. फिजिओ म्हणजे माणसाला पायावर उभं करणारी बाई, असं सगळ्यांना वाटतं. माझे पेशंट उभे राहत नाहीत. त्यांना कुशीवर नीट वळता यावं, धाप लागली तर कसं टेकून बसावं ते कळावं, सुजलेले पाय थोडे हलके व्हावेत, एवढंच मी बघते. वर्तकनगरला आमच्या कॉलनीत शेजारीण मला विचारते, “बरं नाही होणार माहितीय, मग व्यायाम कशाला?” मी तिला म्हणते, “रात्री झोपणारच आहेस ना? मग उशी कशाला घेतेस?” ती हसते, पण तिला पटत नाही.

सरांच्या घरी पहिल्यांदा गेलेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मी मात्र दार उघडताच ओळखलं. ठाकुर्लीच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या घरात भिंतीवर शाळेच्या लेझीम पथकाचा फोटो होता आणि खिळ्याला तीच शिट्टी. त्या काळ्या दोरीकडे बघताना माझ्या नाकात एकदम मैदानाचा वास आला. पाणी मारलेली लाल माती, चुन्याच्या रेघा, आणि मधल्या सुट्टीत कोणीतरी सांडलेलं कोकम सरबत. किती छान होते ते दिवस, आणि तेव्हा मला ते अजिबात छान वाटले नव्हते. कारण मला दमा होता.

ऑगस्ट सुरू झाला तसे सर मुद्द्यावर आले.

“पंधरा ऑगस्टला मला उभं राहायचंय.”

मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. हात थांबवला नाही.

“खाली सोसायटीचं झेंडावंदन असतं. या बाल्कनीच्या बरोब्बर समोर. दर वर्षी मीच ऑर्डर देत आलोय. या वर्षी खाली जाणं नाही, ते मला कळतं गं. पण राष्ट्रगीत चालू असताना मी आडवा पडणार नाही. तेवढं एक माझ्याकडून करून घे.”

सरांच्या पत्नी, नीलाकाकू, चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. “मी यांना सांगून थकले,” त्या म्हणाल्या. “देवसुद्धा एवढं मागत नाही.”

डॉक्टरांशी बोलले. पाठीला पट्टा, दोन्ही बाजूंना दोन माणसं आणि आधी वेदनेची गोळी, एवढं असेल तर क्षणभर उभं करून बघता येईल, असं त्या म्हणाल्या. मी सरांना ‘बघू’ म्हटलं. आमच्या कामात ‘हो’ म्हणायचं नसतं. पण सर त्या ‘बघू’वर असे खूश झाले की मीही आतून खूश झाले. रोज थोडं थोडं पलंगाच्या कडेवर बसवू लागले. पाय खाली सोडायचे, हात मांडीवर, नाकाने श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा हळूच सोडायचा. सर मला शाळेच्या गमती सांगायचे. पावसात संचलन करताना अख्खी सातवी चिखलात बसली होती ती, आणि लंगडी घालताना निसटून मुख्याध्यापकांच्या टोपीवर भिरभिरत गेलेला बूट. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या घरात एक वेगळाच उत्साह आलेला, लग्नघरासारखा.

आणि मग काकूंचा फोन आला. “ऋजुता, लगेच येतेस का? हे पडता पडता राहिलेत.”

गेले तर सर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. चेहरा पांढराफटक. काकूंनी उशी उचलून दाखवली. खाली मॉर्फिनच्या गोळ्या, कागदाच्या पुडीत नीट बांधलेल्या.

“घेतल्याच नाहीत यांनी! तोंडात धरायच्या आणि माझी पाठ वळली की काढून ठेवायच्या. आणि मी आंघोळीला गेले की खिडकीचे गज धरून उभं राहायची प्रॅक्टिस!” काकूंचा आवाज फाटला. “आज पाठीत अशी कळ आली की ओरडले. पन्नास वर्षांच्या संसारात मी यांना ओरडताना ऐकलं नव्हतं गं.”

“गुंगी येते त्या गोळीने,” सर भिंतीला सांगितल्यासारखे म्हणाले. “गुंगीत सावधान कसं उभं राहणार? आणि सरावाशिवाय कोण मैदानात उतरतं?”

मला राग आला, आणि रागाखाली रडू. जन्मभर मुलांना शिकवलेलं त्यांनी इमानदारीत स्वतःवर केलं होतं. डॉक्टर येऊन बघून गेल्या. मणका आणखी दबला होता, पायांतली ताकद निम्म्यावर आली होती. आता उभं करणं नाही.

ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. पलंगाशेजारी खाली बसले, म्हणजे त्यांना मान वळवायला लागू नये.

“सर, उभं राहणं आता जमणार नाही. खुर्चीत बसवीन. बाल्कनीत, झेंड्यासमोर.”

“बसून? राष्ट्रगीताला? जन्मभर मुलांना काय सांगितलं मी?”

“मला काय सांगितलं ते सांगू? सहावीत होते. सकाळच्या प्रार्थनेला मला धाप लागली. मी रांगेतून बाहेर पडून भिंतीशी जाऊन बसले. पोरं हसायला लागली. तुम्ही ऑफिसमधून शिपायाचं स्टूल आणलंत. स्वतः उचलून. मला वाटलं, मला वर्गात पाठवताय. तुम्ही ते स्टूल रांगेत ठेवलंत, माझ्याच जागेवर, पुढच्या-मागच्या मुलीत अंतर बरोबर मोजून. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, ‘बसलेला मुलगाही रांगेतच असतो. हसणारा रांगेबाहेर.’ त्यानंतर वर्षभर माझं स्टूल रांगेत होतं, सर. मी शाळा सोडली नाही ती त्या स्टुलामुळे.”

सरांनी कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला.

“मी आणलं? स्टूल?”

“हो.”

“नाही गं आठवत,” ते ओशाळून म्हणाले. “इतकी मुलं होती.”

मी हसले. दुसरं काय करणार? जे मी इतकी वर्षं जिवापाड जपलं होतं, ते त्यांच्या लेखी एक साधी सकाळ होती. काकू मात्र डोळे पुसत होत्या.

“गोळी आण,” सर त्यांना म्हणाले.

पंधरा ऑगस्टला त्यांचा मुलगा सलिल बंगळुरूहून आलेला. सरांनी वेळेवर गोळी घेतली होती. मी आणि सलिलने त्यांना पांढरा सदरा घातला, पट्टा बांधला, उचलून बाल्कनीत खुर्चीत बसवलं. पाठीशी उशा, हातांखाली उशा, पोटऱ्यांखाली फरशीवर जाड उशी, टाचा अधांतरी. डावीकडे ते कलत होते, म्हणून त्यांच्या पाठीला हात देऊन मी शेजारीच बसले. काकूंनी मला बसायला स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दिलं. मुद्दाम आणलं की हाताला लागलं म्हणून, ते मी विचारलं नाही.

खाली माणसं जमली होती. सेक्रेटरींनी वर पाहून मान लववली. झेंडा उघडला, फुलं पडली, खरखरणाऱ्या स्पीकरमधून राष्ट्रगीत सुरू झालं. खाली सगळे उभे, बाल्कनीत काकू आणि सलिल उभे. आम्ही दोघंच बसलेले.

माझ्या तळहाताखाली त्यांची पाठ थरथरत होती. ते मोजत असतील असं वाटून मी ओठांकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. हात मांडीवर, मुठी वळलेल्या, अंगठे पुढे. मग माझी नजर खाली गेली.

पोटऱ्यांखालची उशी त्यांनी पायाने बाजूला सारली होती. दोन्ही पाय फरशीवर होते. सुजलेल्या टाचा एकमेकींना टेकलेल्या, चवडे फाकलेले, चुन्याच्या रेघेवर असावेत तसे.

उशी माझ्या हाताशीच होती. मी ती उचलली नाही.