शनिवारची सोळा मुलं

“आजचा शेवटचा,” ब्रिन दारातूनच म्हणाली. “पुढच्या शनिवारपासून मी येणार नाही.”

मी दारातलं हिम झाडत होतो. माझ्या मागे मायरन उभा होता. मायरन आमच्या कर्लिंग क्लबचा, म्हणजे बर्फावरून दगड घसरवायच्या खेळाच्या क्लबचा, सेक्रेटरी. वयाने माझ्याएवढाच, पण नको ते बरोबर ऐकू येतं त्याला.

“का गं?” मी विचारलं.

“माझा दगड पोचतच नाही. चार शनिवार झाले. शाळेत मला ‘अर्धी वाट’ म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच. हा टारसपण.”

टारस तिच्याच संघातला. तो लगेच खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी आधीच बांधलेली होती.

ब्रिन आत गेली तसं मायरनने माझं कोपर धरलं. “ही गेली की पंधरा राहिली, ओरेस्ट. समितीचं ठरलंय. सोळा मुलं नसतील तर शनिवारची सकाळ मोठ्यांच्या सरावाला. आज दुपारपर्यंत मला आकडा कळवायचाय.”

“माहीत आहे.”

“तू दमलायस. लीग बंद केलीस तर तुला कुणी काही म्हणणार नाही. आर्लीन होती तोवर गोष्ट वेगळी होती.”

आर्लीन, माझी बायको, मे महिन्यात गेली. मुलांची लीग तिची होती, सव्वीस वर्षं तिने ती चालवली. मी फक्त बर्फ करायचो. बर्फ तासून सपाट करायचा आणि त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडायचे; ते गोठून दाणे होतात आणि त्यांच्यावरून दगड घसरत जातो. एवढं मला येतं. मुलांचं काही येत नव्हतं. कुणाला कुणाशेजारी उभं करायचं नाही, कोण रडायच्या आधी गप्प होतं, हे सगळं तिच्या डोक्यात होतं आणि तिने ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये मी मुलांसाठी दार उघडलं ते एवढ्यासाठीच की शनिवारी सकाळी घरात बसवत नव्हतं. आता ही सकाळही गेली तर मी करणार काय, हे मायरनला सांगण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी ब्रिनच्या संघातला डिलन तापाने घरी होता. संघ चौघांचा, पण तिघांवरही चालतो, नियमात बसतं. पण आर्लीन कुणाला तिघांवर खेळू देत नसे. कुणी आलं नाही की झाडू घेऊन स्वतः उतरायची. म्हणून मी उतरलो. वय बहात्तर, डावा गुडघा नावापुरता.

“गीदो, तुम्ही पडलात तर आम्ही उचलायचं का?” समोरच्या संघाची कप्तान हालिया म्हणाली. हालिया मायरनची नात, बारा वर्षांची. इथली सगळीच मुलं मला त्यांच्या आजोबांसारखं गीदो म्हणतात.

“पडलो तर बाजूने झाडत जा. बर्फ खराब नको.”

हालिया हसली, पण खेळताना ती हसत नाही. शेवटच्या फेरीपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत होते. बर्फाच्या लांब पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला रंगीत वर्तुळं असतात. त्यात मधल्या ठिपक्याला ज्याचा दगड सर्वांत जवळ, त्याची फेरी. हालियाचा दगड ठिपक्यापासून वीतभर होता. आमचा एकच दगड उरला होता आणि तो ब्रिनने टाकायचा होता. मोठ्यांच्यात शेवटचा दगड कप्तानच टाकतो. आर्लीनच्या लीगमध्ये त्याची पाळी फिरायची, आणि आज पाळी ब्रिनची होती.

“मी नको,” ब्रिन म्हणाली. “जोसीला टाकू दे.” जोसी आमची कप्तान.

“पाळी तुझी आहे,” जोसी पलीकडच्या टोकाहून ओरडली. “टाक, आणि घाबरू नको. आपल्याकडे म्हातारा आहे झाडायला!”

ब्रिनने पाय टेकवला, जोर केला आणि दगड सोडला. मुलांचे दगड मोठ्यांच्या निम्म्या वजनाचे असतात, तरी तिच्या हातून तो सुटला तेव्हा मला वाटलं, हा आजही अर्ध्यातच बसतो. टारस एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. दगडाच्या पुढचा बर्फ घासला की दगड जरा लांब जातो. आम्ही घासत सुटलो. टारस तर असा घासत होता की त्याची टोपी पडली तरी त्याने बघितलं नाही.

“चल, चल, चल!” तो दगडालाच म्हणत होता.

जिच्या अलीकडे थांबलेला दगड बाद होतो, ती रेघ दगडाने ओलांडली. मागे ब्रिन किंचाळली. वर्तुळात शिरताना माझ्याच श्वासाने माझा चष्मा धुरकटला, आणि तेवढ्यात झाडूच्या दांड्यातून हाताला कळलं. लागला. जेमतेम, पण झाडू दगडाला लागला. पंचेचाळीस वर्षं खेळलेल्या माणसाचा हात त्यात चुकत नाही.

दगड ठिपक्यावर येऊन थांबला. बरोबर मधोमध.

जोसीने झाडू फेकला. टारस बर्फावर आडवा पडला. ब्रिन धावत येत होती, घसरत येत होती, तोंड उघडं, आवाज नाही. बघणाऱ्यांच्या खोलीतून, काचेमागून, मायरनने मला अंगठा दाखवला आणि सोळा बोटं दाखवायचा प्रयत्न केला.

चालत्या दगडाला आपला झाडू लागला की आम्ही दगड जळला म्हणतो. ते ज्याचं त्यानेच सांगायचं. पंच नसतो. कुणी पाहिलं नव्हतं. टारसची नजर दगडावर होती, हालियाला माझ्या पाठीमुळे दिसलं नसणार. मी गप्प राहिलो तर ब्रिन राहणार, ब्रिन राहिली तर सोळा. मी तेवढा विचार केला, खोटं कशाला सांगू. ब्रिन माझ्यापर्यंत पोचेस्तोवर गप्प राहिलो.

मग म्हणालो, “जळला. माझा झाडू लागला.”

“काय?” जोसी म्हणाली.

“माझा झाडू दगडाला लागला.”

ब्रिन उभी राहिली. “नाही लागला,” ती म्हणाली. “गीदो, नाही लागला. टारस, सांग ना!”

टारसने माझ्याकडे बघितलं. “मी बघितलं नाही,” तो म्हणाला. “पण ते स्वतःच सांगतायत.”

अशा वेळी काय करायचं ते समोरच्या कप्तानाने ठरवायचं असतं. दगड काढून टाकायचा, आहे तिथेच ठेवायचा, किंवा लागला नसता तर जिथे गेला असता तिथे नेऊन ठेवायचा. हालिया आली.

“कुठे लागला?”

“ठिपक्याच्या अलीकडे. हातभर.”

“जोरात?”

“नाही.”

ती बर्फावर पोटावर झोपली, एक डोळा मिटला आणि दगड आलेली वाट बघत राहिली. काचेमागे मायरन तिला हातवारे करत होता, राहू दे, राहू दे. तिने आजोबांकडे बघितलंच नाही. उठली, दगडाची मूठ धरली आणि तो आणखी पुढे, ठिपक्याच्या पलीकडे सरकवला. एक वीत, मग आणखी चार बोटं. हात मागे घेतला, पुन्हा वाकून पाहिलं.

“इथे आला असता,” ती म्हणाली. “माझा जवळ आहे. फेरी आमची.” मग ब्रिनकडे वळून म्हणाली, “पण पोचला असताच. झाडू लागला म्हणून उलट अडला. तुझा तर पुढे जाणार होता.”

ब्रिन माझ्याकडे न बघता बर्फावरून उतरली.

खेळ संपला की दोन्ही संघांनी एका टेबलाशी बसायचं आणि जिंकलेल्यांनी हरलेल्यांना प्यायला आणून द्यायचं, ही आमची जुनी रीत. मोठ्यांच्यात बिअर, मुलांच्यात गरम चॉकलेट. हालियाने ब्रिनसमोर कप ठेवला. मी शेजारच्या टेबलाशी पेरोगींचं, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचं, ताट घेऊन बसलो होतो. घास उतरत नव्हता. मायरन समोर कागद घेऊन बसला होता.

“कशाला बोललास?” तो हळूच म्हणाला. “चांगलं चाललं होतं.”

मी एक पेरोगी ताटात इकडून तिकडे सरकवला.

पलीकडे आवाज वाढला.

“चार बोटं जास्त सरकवलास तू!” ब्रिन म्हणत होती. “हा कप म्हणजे तुझा दगड. ही मिठाची बाटली माझी. ती इथून वळत आली. वळणारा दगड एवढा लांब जातो का?”

“तुझा वळतच नव्हता. बाणासारखा आला.”

“वळत होता! टारस?”

“जरासा,” टारस म्हणाला.

“बघ!”

“त्याला काय विचारतेस, त्याची तर टोपीपण हरवली,” हालिया म्हणाली, आणि सगळे हसले. ब्रिनही हसली. मग ती खुर्चीत वळली आणि दारातून आत आल्यापासून पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं.

“गीदो, पुढच्या शनिवारी तुम्ही झाडू धरायचा नाही. काचेमागे बसायचं. डिलनला कसंही करून आणा.”

मायरनने मान वर केली. “पुढच्या शनिवारी?”

“मग? शेवटच्या दगडाची माझी पाळी परत कधी?”

“चार आठवड्यांनी,” मी म्हणालो.

“चार?” तिने गाल फुगवले. “बरं. चार तर चार. हालिया, तेव्हा तू समोर पाहिजेस हं.”

मायरनने कागदावर काहीतरी लिहिलं, घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्या ताटातला एक पेरोगी उचलून तोंडात टाकला. “तुला संघातून काढलं पोरीने,” तो म्हणाला.

“काढलं,” मी म्हणालो. मग मला भूक लागली. ताट संपवलं, वर आणखी दोन मागून घेतले. किती दिवसांनी जेवण असं सरळ खाली उतरलं, ते मोजायला मी गेलो नाही.

मुलं गेल्यावर मी बर्फाची कड बघितली, बाकांखाली हात घालून फिरलो. टारसची टोपी मिळाली आणि सात हातमोजे. दर शनिवारी विसरायचेच. आर्लीन ते घरी नेऊन धुवायची हे मला ठाऊक होतं, पण कशात धुवायची ते मी कधी बघितलं नव्हतं. बाहेर उणे एकतीस होतं. घरी येऊन मी कोमट पाणी काढलं, थोडा साबण टाकला आणि एकेक हातमोजा हातानेच चोळला. स्वयंपाकघरातल्या हीटरवर ओळीने वाळत घातले. जोडी एकाचीही नव्हती. लाल बहुधा जोसीचा, निळा ब्रिनचा असेल. बाकीच्यांचं मुलांनाच विचारणार होतो.