थांबवायची खूण

सिल्वासात एका जुन्या कारखान्याचा पाया फोडायचं काम चाललंय. ब्रेकर मशीन मी चालवतो, काचेच्या केबिनमध्ये बसून. सुकदेव सात वर्षं त्या मशीनसमोर उघड्यावर उभा राहतो आणि कुठे मारायचं ते मला हाताने दाखवतो. कानाला फक्त फडकं. बोललेलं ऐकू येतच नाही, म्हणून आमच्या खुणा ठरल्यात. मुठीवर मूठ ठेवली की मशीन थांबवायचं.

काल कामगार खात्याचे साहेब आवाज मोजायला आले. सुकदेव टाकीवर पाणी प्यायला गेला होता. साहेब गेटवर दिसताच ठेकेदाराने मशीन बंद करायला लावलं. चावी मी खिशात टाकली. बंद मशीनचा काय आवाज मोजणार, डोंबल. पण साहेबांनी मीटर धरलं, आवाज मर्यादेत असल्याचं लिहिलं आणि टाकीवरून येणाऱ्या सुकदेवला विचारलं, "काका, आवाजाचा काही त्रास?"

सुकदेवने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कानावरचं फडकं सोडलं. मग माझ्याकडे वळून त्याने मुठीवर मूठ ठेवली.

मी खिशातली चावी काढून त्याला दाखवली.