एका पट्ट्याला एक माळ

सतरंजीचे दोन निम्मे जमिनीवर शेजारी शेजारी अंथरले, तेव्हा पहिले तीन-चार पट्टे नीट बसले. लालला लाल, काळ्याला काळा. पुढे रंग सरकत गेले आणि विसाव्या पट्ट्यापाशी साळुबाईच्या काळ्यासमोर उज्ज्वलाचा लाल दोन बोटं पुढं आलेला.

येडगावातल्या आमच्या विणकाम संस्थेत आम्ही बारा जणी. मी बायडाबाई, अध्यक्ष. पुण्याच्या दुकानानं मागितली तेवढी रुंद सतरंजी निघेल असा माग आमच्याकडे नाही, म्हणून दोन मागांवर दोन निम्मे विणायचे आणि मधोमध शिवायचे. एक साळुबाईचा, दुसरा माझ्या सुनेचा, उज्ज्वलाचा. सव्वा महिना दोघी बसल्या होत्या. दुकानाची गाडी उद्या दुपारी यायची होती. माल पसंत पडला तर वर्षभराचं काम. नाहीतर सोमवारपासून पुन्हा जीपमध्ये कोंबून मंचरला कांदा निवडायला.

“सूत जाड घेतलं का गं तू?” साळुबाई म्हणाली.

“एकाच गठ्ठ्यातलं हाय, मावशी.”

“मग पंजा हळू मारला आसंल. मढ तुजं म्हायेर, तिकडच्या पोरींचं हात लई नाजूक.”

“तुमीच जोरात ठोकलं आसंल. घरचा राग मागावर.”

बाकीच्या हसल्या. मला हसू येईना, कारण मोजायची रीत माझी. प्रत्येक धाग्याला ‘रामकृष्णहरी’ म्हणायचं, लोखंडी पंजानं तो ठोकून बसवायचा आणि मागाला टांगलेल्या तुळशीच्या माळेचा एक मणी सरकवायचा. एका पट्ट्याला एक माळ. वीतभर पट्टा होतो, नामही होतं. किती जणांना हे मी कौतुकानं सांगितलं असेल.

“मोजून दाव,” मी उज्ज्वलाला म्हणाले.

तिनं माळ घेतली. मणी सरकत सरकत एकशेआठ झाले, आणि तिनं वरचा मोठा मणीसुद्धा तितक्याच सहज सरकवला.

साळुबाईनं कपाळाला हात लावला. “अगं, मेरू हाय त्यो. त्यो मोजत न्हाईत. तितनं माळ माघारी फिरवायची.”

“येवढा मोठा मणी, त्यो मोजायचा न्हाई?”

म्हणजे दर पट्ट्यात एक धागा जास्त. वीस पट्ट्यांत वीस. दोन बोटं.

“सप्त्यात म्हाराजांनी किती येळ तेच सांगितलं,” साळुबाईचा आवाज चढला. “मेरू ओलांडू नये म्हणून. तू कुटं व्हतीस?”

“भाकऱ्या थापत व्हते. सातीच्या साती दिवस.” उज्ज्वला माझ्याकडे न बघता म्हणाली, “आत्या म्हणल्या, पंगतीला बाया कमी हायेत, तू जा.”

मी म्हटलं होतं खरं. आणि स्वतः पुढच्या ओळीत बसून टाळ्या वाजवत, डोळे पुसत ऐकलं होतं.

संस्थेचं लिहिणंपुसणं बघणारी वृषाली म्हणाली, ओढून शिवू. शिवून पाहिलं. मधोमध असा फुगा आला की वर तांब्या ठेवला तर कलंडावा. उज्ज्वलाचा निम्मा उकलायचा तर पहिल्या पट्ट्यापासून उकलावा लागणार. वृषालीनं दुकानात फोन लावला आणि महिन्याची मुदत मागितली. तिकडचा माणूस चिडला असता तरी बरं वाटलं असतं. तो गोड बोलला. “ताई, आता मशीनचा माल घेतो. तुमचं पुढच्या वर्षी बघू.”

साळुबाईनं शिवण उसवायला घेतली. नव्या कोऱ्या दोऱ्याचा एकेक टाका ती अशी तोडत होती, जणू त्यानंच दावा साधला होता.

त्या दिवशी एकादशी. संध्याकाळी देवळात कीर्तन. उज्ज्वला नेहमीसारखी मागच्या पत्र्याखाली फराळाच्या चुलीकडे वळली. मी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

“तू पुढं जाऊन बस. हितं मी बघते.”

“आता ऐकून काय मिळणार, आत्या? सोमवारी जीप हायेच.”

मी पातेलं चुलीवर ठेवलं. तिनं पदरानं हात पुसले आणि ती गेली. मी चुलीपुढे बसले. धुरानं डोळे चुरचुरत होते. कर्ण्यावरून महाराजांचा आवाज येत होता, टाळही ऐकू येत होते. पण शेंगदाणे कुटणाऱ्या बायांच्या गलक्यात आणि भांड्यांच्या आदळआपटीत एकही शब्द धड कळत नव्हता.