मागच्या गेटचे कान

"वहिनी, आठवडाही झाला नाही गं. त्याची वाटी तरी वाळू द्यायची होतीस."

नणंद दारातच उभी होती. माझ्या हातातलं दीड महिन्याचं पिल्लू माझंच बोट चघळत होतं.

"घर खायला उठतं," मी म्हटलं. खरं सांगायची सोय नव्हती.

खरं एवढंच, की आमच्या ह्यांना ऐकू येत नाही. वीस वर्षं प्रेसवर पत्रे ठोकले, त्यात कान गेले. कारखान्याच्या मागच्या गेटवर बदली झाली तेव्हा थोडंफार यायचं. गेली चार वर्षं तेही नाही. हे ठाऊक होतं मला आणि जमादारला. जमादार म्हणजे आमचा कुत्रा, रोज ह्यांच्याबरोबर गेटवर जायचा. गेट बंद पत्र्याचं, पलीकडचं दिसायचं नाही. हॉर्न वाजला की तो ह्यांची पँट ओढायचा, हे उठून गेट उघडायचे. साहेबापासून हमालापर्यंत सगळे म्हणायचे, गडी भलताच तल्लख. हे मिशीतल्या मिशीत हसायचे. समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घ्यायचे आणि स्वतः फारसं बोलायचे नाहीत, म्हणून लोक शिष्ट समजायचे. समजेनात का.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना जमादार गेला. ह्यांनी त्याला पुरलं, हात धुतले आणि मला विचारलं, "पिल्लू किती दिवसांत तयार होतं?"

असा राग आला मला. बारा वर्षं ज्यानं साथ दिली त्याच्यासाठी डोळ्यांतून टिपूस नाही. पण रडायला सवड कुठे होती? ह्यांनी तीन आठवड्यांची रजा टाकली आणि आम्ही त्या नव्या पिल्लाला, बारक्याला, शिकवायला बसलो.

मी दाराबाहेर उभी राहून घंटी वाजवायची. आत हे बिस्किटाचा तुकडा पँटला लावून बसायचे. बारक्यानं पँट ओढली की तुकडा त्याचा. दिवसातून चाळीस वेळा हा उद्योग. शेजारीण म्हणाली, "स्वतःच्याच घराची घंटी काय वाजवता?"

"अशी वाजवली की तेवढंच पाहुणी आल्यासारखं वाटतं," मी म्हटलं.

रजा संपेपर्यंत बारक्या तरबेज झाला. गाढ झोपेतूनही घंटीला उठायचा. ह्यांनी त्याला पहिल्यांदाच उचलून छातीशी धरलं, मीही निर्धास्त झाले. जमादारला कुणी काही शिकवलंच नव्हतं, तो आपला आपण शिकला होता. त्यामुळे शिकवायचं कसं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. दोघांच्या डोक्यात एवढं साधं आलं नाही, की गेटला घंटी नसते.

पहिल्याच दिवशी साहेबांची गाडी आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून कंपनी गोळा केली. बारक्या ह्यांच्या बुटावर डोकं ठेवून झोपला होता. हॉर्नला बिस्किट मिळतं हे त्याला कोण सांगणार? शेवटी साहेब बाजूच्या छोट्या दारानं आत आले, मागून तीन हाका मारल्या आणि खांद्यावर हात ठेवला. हे दचकून उठले.

त्याच दुपारी कानांची तपासणी झाली, कधीपासून ते ह्यांनी खरं सांगून टाकलं, दुसऱ्या दिवशी हातात कामावरून काढल्याचा कागद. "चार वर्षं फसवलंत आम्हाला," साहेब म्हणाले. तेवढं ह्यांना नेमकं समजलं. चार वर्षांत एकही गाडी गेटवर खोळंबली नव्हती, ते कुठल्या कागदावर येत नाही.

हे घरी आल्यावर मी बारक्यावर ओरडले. माझा तरी राग दुसऱ्या कुणावर निघणार?

"त्याला बोलू नकोस," हे म्हणाले. "आपण शिकवलं तेवढं त्याला येतं."

चार दिवस हे खिडकीशी बसून होते. पाचव्या दिवशी सकाळी घंटी वाजली. बारक्या स्वयंपाकघरातून घसरत पळत आला आणि ह्यांची पँट धरून ओढू लागला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, कॉलर सारखी केली आणि दार उघडलं.

कारखान्याचा शिपाई होता, जुना ओळखीचा. "तुमचा गणवेश आणि शिट्टी जमा करायला सांगितलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. मान खाली होती, त्यामुळे ह्यांना कळलं नाही. त्याला मान वर करून पुन्हा सांगावं लागलं.

मी इस्त्री केलेला गणवेश आणून दिला. ह्यांनी त्यावर शिट्टी ठेवली. बारक्यानं पँट सोडली नव्हती. हे आत गेले, डब्यातून बिस्किट काढलं, तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला.

"त्यानं त्याचं काम चोख केलं," हे शिपायाला म्हणाले, जरा मोठ्यानेच. स्वतःचा आवाज त्यांना कळत नाही. शिपायानं गणवेश काखेत धरला आणि बारक्याचं खाऊन होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.