धुराची लाज

मित्रांनो, मी चार जाड चाकांची एक जुनी गाडी आहे. मला दार नाही, छप्परही नाही. टेकडीवरच्या एका फळबागेत माझं सगळं आयुष्य गेलं. कागदोपत्री मी एटीव्ही, पण दगडधोंड्यांवरून टुणटुण उड्या मारते म्हणून घरात मला बेडकी म्हणतात. या नावाचा मला कधी राग आला नाही. लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची.

ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतात ते आजोबांचे हात. ही बाग त्यांनीच लावली. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मी त्यांचे पाय झाले. रोज सकाळी ते माझ्यावर बसून वर जात आणि ओळीओळीपाशी थांबून झाडांची विचारपूस करत. फळांच्या पेट्या माझ्या पाठीवर चढेपर्यंत माझं इंजिन जागच्या जागी मंद चालू राही. "काय गोड घुमते हो बेडकी!" असं पेट्या चढवणाऱ्या बायका म्हणत. मला ऊर असता तर तो भरून आला असता.

माझं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला पेट्रोलमध्ये थोडं तेल मिसळून द्यावं लागतं. ते काम आजोबांचं. शेडमधल्या पत्र्याच्या डब्यात पेट्रोल ओतायचं, बाटलीच्या झाकणाने तेल मोजून घालायचं आणि डबा हलवून ठेवायचा. त्यात दुसऱ्या कुणी लुडबूड केलेली त्यांना खपत नसे.

गेल्या वर्षी मात्र माझं बिनसलं. चालताना ठीक, पण थांबले की घरघर, दोन आचके आणि बंद. मागून निळा धूर निघे. त्याच बायका आता नाक दाबून बाजूला होत. आजोबा किक मारमारून घामाघूम होत आणि मला वाटे, धरणीने पोटात घेतलं तर बरं.

आजोबांनी प्लग काढला. तो काळाकुट्ट आणि तेलाने ओला. ठिणगी पडणार कुठून? त्यांनी तो घासूनपुसून बसवला, तरी पुन्हा काजळी धरली. नवा आणला, तोही काळा. एअर फिल्टर धुतला, कार्बोरेटर साफ केला. शेवटी उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग ठरवणारा आयडलचा स्क्रू पिळून रेस वाढवली, तर मी थांबल्या जागी नुसती बोंबलायला लागले.

खरं कारण मला ठाऊक होतं. आजोबा हल्ली कपाळावरचा चष्मा घरभर शोधत. त्यामुळे सुनेला धास्ती वाटे, तेल घालायलाही विसरले तर? बिनतेलाच्या पेट्रोलने इंजिन जळेल. विचारावं तर म्हाताऱ्या जिवाला लागेल. म्हणून त्यांची पाठ वळली की ती गुपचूप डब्यात आणखी एक माप घाली. माया दोघांचीही, पण माझ्या नशिबी दुप्पट तेल. अति तेथे माती म्हणतात ते काही खोटं नाही.

एकदा मी ऐन चढावर बंद पडले. ब्रेक दाबून आजोबा उन्हात बसून राहिले. शेवटी त्यांचा मुलगा धावत आला.

"बाबा, बास झालं आता. तेल किती घातलं ते तरी आठवतं का तुम्हाला?"

"मोजूनच घातलंय रे," आजोबा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"चावी द्या इकडे. उद्यापासून घरीच बसा."

त्यांनी चावी काढून दिली. बाग आता त्यांना खालच्या अंगणातूनच दिसणार होती.

मुलाने माझी टाकी रिकामी केली, नवा प्लग बसवला, स्क्रू जागेवर आणला. पेट्रोल सुनेने एकटीने कालवलं. धूर नाही, आचका नाही, मी अशी काही घुमले की बागेतला एक गडी ओरडला, "बघा, म्हाताऱ्याचा हात निघाला आणि बेडकी सुधारली!" अंगणात बसलेल्या आजोबांनी ते ऐकलं. इतकी चांगली मी कित्येक महिन्यांत चालले नव्हते, आणि इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

सुनेनेही ते ऐकलं. काही दिवसांनी तिने प्लग काढून पाहिला. तो कोरडा, विटकरी होता, चांगल्या इंजिनाचा असतो तसा. तेलाचं एकच माप पुरतं हे तिला कळलं, आणि ती तो प्लग घेऊन अंगणात गेली.

"बाबा, तुम्ही घातलेल्या तेलात मी मागून आणखी घालत होते. तुम्ही विसराल असं वाटलं, आणि विचारायचा धीर झाला नाही."

आजोबांनी प्लग तळहातावर फिरवून पाहिला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"एकदाही नाही, बाबा. विसरला असतात तर माझ्या एका मापाने प्लग तेव्हाही असाच कोरडा राहिला असता." तिला रडू आलं.

"दोघांनी लाड केले की पोर बिघडणारच, सूनबाई," ते म्हणाले आणि डोळे पुसत हसले. संध्याकाळी मुलाने चावी त्यांच्या हातात ठेवली. त्याची मान काही वर होईना.

आता शेडमधून रोज हाक येते, "घातलं गं!" आणि स्वयंपाकघरातून उत्तर येतं, "ऐकलं हो, बाबा!" उत्तर आलं नाही तर आजोबा बाटली हातात धरून तिथेच थांबतात.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल घाला, पण मोजून घाला. आणि ज्याची काळजी वाटते त्याच्या पाठीमागून काही करू नका, त्याला सरळ विचारा. तो चिडला तर चिडू द्या. मी मुकी, मला फक्त धूर सोडता येत होता. तुम्हाला तर तोंड आहे.